साहेबाचा गंज

आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात, हे पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर लोखंडावरचा गंज समजून ते भलतीकडेच जायचे. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीच्या आमच्या घरात असा एक गंज होता, ज्यात कधी काही शिजलं नाही. पांढराशुभ्र, अष्टकोनी पोटाचा, दोन कानांचा, झाकणावर कळीच्या आकाराची मूठ. झाकणाच्या कडेला एक खाच होती, पळीचा दांडा बाहेर राहावा म्हणून. दिवाणखान्यातल्या सागवानी आलमारीत वरून दुसऱ्या खणात तो बसायचा. घरात त्याला 'सायबाचा गंज' म्हणत. पोटात किल्ल्या, मोडीतल्या पावत्या, कापूस विकल्याच्या चिठ्ठ्या, सुटी बटणं, एक बंद पडलेलं खिशातलं घड्याळ आणि जोडीदार हरवलेला चांदीचा एक वाळा. सूप वाढायचं भांडं आमच्याकडे तिजोरीचं काम करत होतं.

आम्ही पोरं आलमारीजवळ घुटमळलो की आजी आतून ओरडायची, "त्याले हात नको लावू वं पोरी, फुटलं तं कोन सायब आणून देईन?"

खरं तर ते सहजासहजी फुटणारं भांडंच नव्हतं. हातात घेतलं की मनगटाला कळायचं. नखाने टिचकी मारली तर मातीच्या मानाने बराच वेळ नाद टिकायचा. उपडं केलं की तळाला काळा शिक्का दिसे. ढालीच्या दोन बाजूंना सिंह आणि शिंगवाला घोडा, खाली 'आयर्नस्टोन चायना', त्याच्याही खाली एकच शब्द, 'इंग्लंड'. या शेवटच्या शब्दावरून भांड्याचं वय काढता येतं. अमेरिकेने 1890 साली मॅकिन्ले यांच्या नावाने ओळखला जाणारा जकातीचा कायदा केला आणि 1891पासून बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. इंग्लंडच्या कुंभारांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका, त्यामुळे त्यांनी सरसकट शिक्क्यातच देश घालून टाकला. नुसतं 'इंग्लंड' असेल तर माल साधारण त्या सालानंतरचा, 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुधा विसाव्या शतकातला, आणि चौकटच्या आकाराची छोटी खूण असेल तर 1842 ते 1883 या काळात नोंदवलेल्या नक्षीचा. आमच्या गंजाला ती खूण नव्हती. तो फार पुरातन वगैरे नव्हे. पण जुन्या वस्तूंच्या बाजारात बसला तर मान खाली घालावी लागणार नाही, इतका जुना.

आयर्नस्टोनची जन्मकथा मला या भांड्यांच्या नक्षीपेक्षा जास्त आवडते, कारण ती सगळी नकलेची आणि निकडीची आहे. ईस्ट इंडिया कंपनी चीनहून चहाबरोबर चिनी भांडीही जहाजं भरभरून आणत असे. 1791 साली तिने भांड्यांची घाऊक आयात बंद केली. लंडनमध्ये माइल्स मेसन नावाचा व्यापारी याच मालावर पोट भरत होता. माल येत नाही तर आपणच घडवू, म्हणून तो कारखानदारीत उतरला. त्याचा मुलगा चार्ल्स जेम्स मेसन याने 1813 साली स्टॅफर्डशायरमध्ये चौदा वर्षांचं पेटंट घेतलं आणि तो माल 'पेटंट आयर्नस्टोन चायना' या नावाने विकला. त्या कागदात लोखंडाच्या दगडाची धातुमळी, चकमकीचा दगड, कॉर्नवॉलचा दगड आणि माती, थोडा कोबाल्ट अशी कृती लिहिलेली आहे. धातुमळीचं प्रकरण जाणकार मनावर घेत नाहीत. लोखंडाचं नाव ऐकून गिऱ्हाइकाला भांडं दणकट वाटावं, एवढंच त्याचं काम. कोबाल्ट मात्र खरा. धुतलेल्या पांढऱ्या धोतराला नीळ द्यावी तशी ती मातीला दिलेली नीळ होती, पिवळसरपणा मारण्यासाठी.

खानदानी चिनी भांडी ज्यांना परवडत नाहीत आणि साधी मातीची ज्यांना पुरत नाहीत, अशा मधल्या लोकांसाठी ही भांडी होती. मेसन मात्र ताटवाट्यांवर थांबला नाही. त्याने आयर्नस्टोनच्या शेकोटीच्या चौकटी केल्या, दिवाणखान्यात उभ्या करायच्या उंचच उंच फुलदाण्या केल्या, आणि चक्क चार खांबी पलंगाचे खांब केले. मातीच्या खांबांचा पलंग! त्यावर झोपणाऱ्याला कूस बदलताना काय वाटत असेल कोण जाणे. 1848 साली मेसनचं दिवाळं निघालं. साचे दुसऱ्याने विकत घेतले. तोवर स्टॅफर्डशायरमधले इतर कारखानदार पांढरीफेक, बिननक्षीची किंवा फार तर उठावाची नक्षी असलेली आयर्नस्टोनची भांडी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना बोटी भरभरून पाठवू लागले होते. तिकडे ती रोजच्या जेवणाची झाली. भाकरीला भाकरी लागावी तशी ताटाला ताटं लागून आपटली तरी टिकणारी, म्हणून त्यांचं नाव झालं.

आमच्याकडे ती कशी आली, याला एकच वाट दिसते: कापसाची. वर्धा जिल्हा वेगळा झाला 1862 साली, अमेरिकेतलं यादवी युद्ध ऐन भरात असताना, जेव्हा मँचेस्टरच्या गिरण्या कापसासाठी तहानल्या होत्या. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली. पुढे पुलगावहून आर्वीपर्यंत छोटी गाडी धावू लागली. आर्वीच्या पुढे आष्टीपर्यंत बैलगाडी. गाठी जायच्या त्याच वाटेने लुगडी, कंदील, आरसे, घड्याळं आणि गवतात गुंडाळलेल्या पेट्यांतून भांडी यायची. वऱ्हाडात रयतवारी, पण वर्धा नदीच्या या बाजूला मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजाराने गोळा करून सरकारात भरायचा. हिवाळ्यात साहेब दौऱ्यावर आला की त्याचं जेवणखाण मालगुजाराकडे. साहेब पितळेच्या ताटात जेवायचा नाही आणि मालगुजाराची बायको त्याला पितळेच्या ताटात वाढायचीही नाही. दोन्हीकडचा नकार पांढऱ्या भांड्याने मिटत असे. आमच्या मालगुजार घरात गंजासकट सगळा सेट असा शिरला, असं आजोबा सांगत.

आमच्या गावाला बाहेरच्या सत्तेने मागे टाकलेल्या वस्तूंची सवय जुनीच. जहांगीर बादशहाच्या वेळी आष्टीची जहागीर मुहम्मद खान नियाझी या अफगाण सरदाराला मिळाली होती. त्याचा मकबरा गावात उभा आहे, शेजारी अहमद खानाचा. दुसरा थोडा लहान आणि कारागिरीने उतरता. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. साहेबाचा गंज आणि नवाबाची कबर यांत आमच्या लेखी फरक एवढाच होता, की कबरीवर हात ठेवला तर कुणी ओरडत नसे.

साहेब गेला की सेट धुऊन आलमारीत. स्वयंपाकघराचा उंबरठा त्याने कधीच ओलांडला नाही. आजीचं कारण ठाम होतं: ही भांडी हाडाची असतात. तिचं ऐकणं अगदीच निराधार नव्हतं. बोन चायना म्हणतात त्या भांड्यांत जवळजवळ निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते. पण आयर्नस्टोनमध्ये हाड नसतं. म्हणजे बिचारा गंज दुसऱ्याच्या पापापायी बाहेर राहिला. बरं, मातीच्या भांड्यांचं वावडं म्हणावं तर त्याच स्वयंपाकघरात चिनी मातीच्या बरण्या ओळीने उभ्या होत्या. लोणच्याची आंबट फोड पितळेला खाते, तांब्याला खाते, म्हणून बरणीला मुभा. गरज पडली की सोवळं वाकतं. पण गंमत पुढे आहे. स्टॅफर्डशायरच्या त्या काळच्या झिलईत शिसं असे. तिथले झिलई चढवणारे कामगार शिशाच्या विषाने आजारी पडत, मरत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यावर इंग्लंडात मोठा गदारोळ झाला. अशा जुन्या, जाळीदार तडे गेलेल्या झिलईच्या भांड्यात कढी, चिंचेचं सार किंवा लोणचं ठेवू नये, असंच आज कुणीही जाणकार सांगेल. आजीचं कारण चुकलं होतं, निकाल बरोबर लागला होता.

मग जे जेवणाचं भांडं जेवणात चालत नाही, ते घरात करतं काय? सामान होतं. आमच्या दिवाणखान्यात तेच झालं. मोठ्या लांबट ताटांना मागून तारेची पकड बसवून ती भिंतीवर लटकवली होती, मधोमध राजाराणीची तसबीर. सुटलेल्या बश्या दुधाच्या जाळीच्या कपाटाखाली गेल्या. कपाटाचा एकेक पाय एकेका बशीत, बशीत पाणी, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पाणी आटलं की भरायचं काम आम्हा पोरांचं, आणि त्या पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्या मुंग्या काडीने बाहेर काढणं हा आमचा परोपकार. मेसनने पलंगाचा खांबच आयर्नस्टोनचा केला. आमच्याकडे आयर्नस्टोन खांबाच्या तळाशी गेला. दोन्हीपैकी आमचा उपयोग जास्त शहाणपणाचा होता, असं मला अजूनही वाटतं. फुटलेल्या ताटाच्या खापऱ्या परसातल्या तुळशीवृंदावनात चुन्यात बसवल्या होत्या. निळ्या नक्षीचा एखादा तुकडा, त्यात अर्धा पूल, पुलावर अर्धा माणूस. सोवळ्यातली आजी त्याच वृंदावनाला रोज प्रदक्षिणा घालायची. फुटल्यावर भांड्याचा विटाळ जातो की काय, हे तिला विचारायचं मात्र राहून गेलं.

पण सामान म्हणून आलेल्या या भांड्यांनी आमच्याकडे जे खरं काम केलं, ते शोभेचं नव्हतं. त्यांनी माणसं क्रमाने लावली. कोणी कुठे बसायचं, कोणी कशातून प्यायचं. याचा मराठीतला सगळ्यात गाजलेला दाखला पुण्याचा आहे. ऑक्टोबर 1890मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या कार्यक्रमाला रानडे, टिळक अशी मंडळी गेली, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी प्याले, कोणी मान राखायला पेला नुसता तोंडाला लावला. गोपाळराव जोशी यांनी नावं छापून आणली, ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तांचे वाद कितीतरी वर्षं चालले. मिशनचा कप कुठल्या कारखान्याचा होता, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण एवढ्या मोठ्या माणसांना एवढ्या छोट्या वस्तूने हैराण केल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

आष्टीत हे सगळं छापून न येता चालायचं. आमच्या घरात चार थर होते. घरातले पितळेच्या आणि पुढे स्टीलच्या पेल्यात प्यायचे. पाहुणे, मास्तर, पोस्टमास्तर, मुसलमान व्यापारी यांच्यासाठी दिवाणखान्यातल्या पांढऱ्या कपबश्या. सालदारासाठी, म्हणजे सालाने ठेवलेल्या गड्यासाठी, गोठ्याच्या फळीवर ठेवलेला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा पेला. आणि सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या बाहेर, भिंतीतल्या कोनाड्यात, एक कान तुटलेला कप. तो पांढऱ्या सेटमधलाच होता. कान तुटला की कप बढती मिळाल्यासारखा आतून बाहेर जायचा, किंवा उलटं म्हणा. महारवाड्यातून कामाला येणाऱ्या बाया तो आपल्याच हाताने उतरवायच्या, पुढे धरायच्या, वरून चहा पडायचा, पिऊन झाला की रांजणाच्या पाण्याने विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा. कान नसलेला कप गरम चहा असताना धरता येत नाही. पदराचं टोक दुमडून त्यात तो धरायचा, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. आज लोक आयर्नस्टोनच्या अंगावरचे चहाचे तपकिरी डाग बघून 'किती सुंदर जुनेपण' म्हणतात, तेव्हा मला तो कप दिसतो. तड्यांच्या जाळीत चहा मुरून तो आतून पार तांबूस झाला होता. जुनेपण सुंदर असेलही. त्याला डाग कुणाच्या चहाने पडले, ते तळाच्या शिक्क्यात लिहिलेलं नसतं.

1942च्या ऑगस्टचं आष्टीत वेगळं सांगायला नको. 16 तारीख, नागपंचमी. लोक तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले, गोळीबार झाला, गावातली माणसं पडली, आणि संतापलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मेले. त्याच दिवशी तिकडे चिमूर पेटलं. आमच्या गावाच्या नावामागे लोक अजून 'शहीद' लावतात ते तेव्हापासून. पुढच्या धरपकडीच्या दिवसांत आमच्या दिवाणखान्यातली ताटं भिंतीवरून उतरली. का उतरली, याच्या घरात दोन आवृत्त्या होत्या. आजोबा सांगत, साहेबाची निशाणी भिंतीवर नको म्हणून. आजी सांगे, झडतीला आलेले शिपाई फोडतील म्हणून. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असावेत. ताटं माळ्यावर गेली, भिंतीवर त्यांच्या आकाराचे फिके लांबोळे राहिले. राजाराणीची तसबीर कुठे गेली हे मात्र कुणीच सांगत नसे. 31 मार्च 1951ला मालगुजारी गेली, साहेबाचे दौरे त्याआधीच संपले होते, आणि ताटं परत लावायला कारणही उरलं नाही. लांबोळे पुढच्या चुनागच्चीत बुजले.

गांधीजी सेवाग्रामला राहायला आले होते 1936 साली, आमच्या जिल्ह्यातच, आणि वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम सुरू होतं. तिथली माती, बांबू, खादी आणि आमच्या आलमारीतला तो अष्टकोनी गंज, दोन्ही एकाच जिल्ह्यात आणि एकाच काळात. आमच्या घरात खादी आली, आलमारी मात्र हलली नाही. चिनी मातीचं स्वदेशी उत्तर विदर्भात खूप नंतर मिळालं, तेही शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला, तिथल्या मातीतून कुंभारांना झिलईची भांडी करायला शिकवलं. तिथला एक तपकिरी पेला माझ्याकडे आहे. थोडा वाकडा, कडेला झिलई ओघळून जाड झालेली. मी त्यात रोज ताक पिते. नुसत्या रूपाने बघितलं तर साहेबाच्या गंजापुढे तो उभा राहत नाही, हे खरं. पण त्याचं घर स्वयंपाकघरातच आहे, आलमारीत नाही.

घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा शेतीवरून शब्द झाले, सागवानी आलमारीवरून झाले. गंजावरून कुणी बोललं नाही. तो माझ्याकडे आला आणि माझ्याकडून भाचीकडे नागपूरला गेला. तिच्या फ्लॅटची सजावट करणाऱ्या मुलीने फोटो बघूनच त्याचं नाव घेतलं. आता तो पांढऱ्या भिंतीसमोर, लाकडी पट्टीवर, वरून पिवळा दिवा. शेजारी दोन लांबट ताटं, तारेच्या पकडीत. भाचीने मला फोनवर विचारलं होतं, "मावशी, डाग कसे काढू?" मी सांगितलं, ब्लीच अजिबात नको, झिलई खाते, काढायचेच असतील तर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यात भिजत ठेव, आणि भिंतीवर लावायला भोक पाडू नको, तारच बरी. आणि त्यात दही-लोणचं ठेवू नको. ती हसली. म्हणाली, "ठेवतंय कोण!"

तिच्याकडे गेले होते तेव्हा बघितलं. छान दिसतो, खोटं कशाला बोलू. त्या खोलीत तो आमच्या दिवाणखान्यापेक्षाही जास्त शोभतो, कारण तिथे त्याच्याभोवती किल्ल्या-पावत्यांची गर्दी नाही आणि आतही काही नाही. मी झाकण उचलून पाहिलं, रिकामा. चहा मला ओपल काचेच्या कपात मिळाला. सकाळी काम करायला बाई आल्या. त्यांना चहा दिला तो ओट्याच्या कडेला, वेगळ्या ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात.

"हा वेगळा का गं?" मी भाचीला विचारलं.

"अगं, त्यांचाच आहे तो. त्यांना तोच आवडतो," ती म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटत होतं.

बाईंनी पेला विसळून पालथा ठेवला आणि फडकं घेऊन बाहेर आल्या. रोजच्या सवयीने झाकण काढलं, आतून पुसलं, दोन्ही कान पुसले, तळाचा शिक्का पुसून पुन्हा जागेवर ठेवला. मला विचारलं, "ताई, याच्यात काही ठेवत नाई का हो तुम्ही?" मी म्हटलं, पूर्वी किल्ल्या ठेवायचो. "मंग आता काहाले पुसाचं?" असं म्हणत त्या ताटांकडे वळल्या. तारेची एक पकड ढिली झाली होती. ती त्यांनीच मला दाखवली, आणि पक्कड आणायला मी भाचीला हाक मारली.